खोलीतली सभा की पडद्यावरची?

ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना जायचे असे एकदा ठरले की पुढचा प्रश्न बहुधा हाच असतो: एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या आवारात भरणाऱ्या सभेला प्रत्यक्ष जावे, की २०२०च्या टाळेबंदीत रुजलेल्या आणि नंतरही टिकलेल्या झूमवरच्या सभेला घरूनच बसावे? मी दोन्ही प्रकारच्या सभांना बसलो आहे. दारूपासून दूर राहण्यासाठी ए.ए.ने आखलेल्या बारा पायऱ्या त्याच, फी कुठेच नाही आणि दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट दोन्हीकडे असल्याने त्याविषयी अधिक लिहीत नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासून, दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याशी जोडणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे, किंबहुना बऱ्याचदा सरस ठरतात, असा निष्कर्ष निघाला आहे. पण खोली की पडदा हा त्याचा विषय नव्हता, त्यामुळे पुढचे सारे केवळ अनुभवावर आधारलेले आहे.

पडद्यावरच्या सभेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ज्याच्या तालुक्यात सभाच भरत नाही, जो रात्रपाळी करतो, जिला लहान मूल सोडून संध्याकाळी बाहेर पडता येत नाही, किंवा जो आखातात नोकरीला आहे आणि ज्याला मन मोकळे करायला मराठीच लागते, अशांसाठी ती मोठीच सोय आहे. मध्यरात्री तलफ उठली तर जगात कुठे ना कुठे सभा चालू असतेच, आणि ही गोष्ट खोलीला कधीच साधणार नाही.

तिच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जातो तो मुद्दा मात्र गुप्ततेचा, आणि माझे मत नेमके तिथेच फिरले. मुंबई-पुण्यात आपल्यापैकी बहुतेकांची घरे दोन खोल्यांची, फार तर तीन खोल्यांची. दार लोटून घेतले तरी पलीकडे भाजी चिरली जात असल्याचा आवाज आत येतो, म्हणजे आतला आवाजही बाहेर जातो. इअरफोन लावल्याने इतरांचे बोलणे झाकते, आपले नाही. बंद सभा ही फक्त मद्यपींसाठी असते. माझ्या बंद सभेला अख्खे घर हजर होते. बरे, सभेत जे सांगायचे असते ते बहुतांशी दाराबाहेरच्या माणसांविषयीच असते: बाटली कुठे दडवली, मेव्हण्याकडून घेतलेल्या पैशांचे खरे काय झाले, पत्नीला कोणती थाप मारली. नवव्या पायरीत ज्यांना दुखावले त्यांची प्रत्यक्ष भरपाई करायला सांगितली आहे, पण त्याने कोणाला इजा होणार असेल तर नाही, आणि ही पायरी त्याआधीच्या आठ पायऱ्यांनंतर येते. घरच्या माणसाच्या कानावर दारामागून पडलेली अर्धवट कबुली म्हणजे ती भरपाई नव्हे. परिणामी आधी आवाज खाली गेला, मग वाक्ये गुळगुळीत झाली, आणि शेवटी ‘आज फक्त ऐकतो’ एवढेच म्हणून मी माइक बंद ठेवू लागलो. काही सभासद गाडीत बसून सभा करतात; ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी जरूर करावी. गच्चीचा पर्याय मला तरी जमला नाही, कारण तिथे घराऐवजी शेजारी ऐकतात.

खोलीत जाताना कोणी पाहील, ही भीती खोटी नाही. त्यावर माझा उपाय एवढाच, की घराजवळची सभा सोडून दोन-तीन स्टेशने पलीकडची निवडावी. खोलीचेही त्रास आहेत: शाळेच्या परीक्षा किंवा सुट्ट्या आल्या की जागा बदलते, पंखा खडखडतो, एखाद्याचे शेअरिंग, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगणे, आवरता आवरत नाही. परंतु तिथे मला आवाज चोरावा लागला नाही. शिवाय सभा संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर जे बोलणे होते, फोन नंबर दिले-घेतले जातात आणि ज्यातून पुढे स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांमधून वाट दाखवणारा जुना सभासद, मिळतो, ते पडद्यावर सहसा घडत नाही. होस्टने सभा बंद केली की सगळे एकदम नाहीसे होतात. ज्याचे घर मोठे किंवा जो एकटा राहतो, त्याचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

निदान सुरुवातीचे काही महिने खोली धरावी आणि पडदा अवेळी येणाऱ्या तलफेसाठी हाताशी ठेवावा, असे मी सुचवीन. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र सभेच्या भरवशावर एकदम थांबू नये. झटके येऊ शकतात, म्हणून आधी डॉक्टरांना भेटावे. व्यसनमुक्तीची १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही विनामूल्य आहे. सभांची शहरवार यादी ए.ए.च्या भारतातील संकेतस्थळावर मिळते, पण निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: जागा तीच आहे का, बोलणे मुख्यतः कोणत्या भाषेत चालते, आणि सभा बंद आहे की खुली. पत्नीला किंवा भावाला सोबत न्यायचे असेल तर खुलीच निवडावी, आणि जे घरी सांगितलेले नाही ते बोलण्यासाठी बंद सभेचा वार वेगळा ठेवावा.