गॅरंटीचा कागद हरवलाय? 'डुप्लिकेट करून देतो' म्हणणाऱ्यापासून सांभाळा

गच्ची, बाथरूम, बाल्कनी, पाण्याची टाकी, कशाचंही वॉटरप्रूफिंग तुम्ही करून घेतलं असेल आणि त्याचं हमीपत्र आता सापडत नसेल, तर ठेकेदाराला फोन लावण्याआधी हे वाचा. आमच्या घरी जे झालं तसंच सांगलीत आणखी काही घरांत झाल्याचं नंतर कळलं. माणसं तीच, बोलणं तेच, कागदही तोच.

आमचं घर गावभागात. खाली आई राहते, वर आम्ही. २०१८ च्या उन्हाळ्यात गच्चीचं सगळं काम नव्याने केलं. जुना कोबा (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर) फोडून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा, कठड्याच्या कडेने वाटा, म्हणजे सांध्यात पाणी मुरू नये म्हणून केलेली सिमेंटची गोलाई, वरून चायना चिप्स, म्हणजे फरशीचे तुकडे. नऊशे चौरस फूट, ९५ रुपये दर, जीएसटी धरून लाखाच्या थोडं वर गेलं. सगळे पैसे चेकने दिले, पक्कं बिल घेतलं. शिवाय शंभराच्या स्टॅम्पपेपरवर दहा वर्षांची हमी. सही, शिक्का, दोन साक्षीदार. तो कागद बिलासकट खालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने काय केलं ते सांगलीकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी उतरल्यावर कपाट पहारीने उघडलं तेव्हा आत कागद नव्हतेच, एक तपकिरी लगदा होता. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकांकडून मिळाली, आधार-पॅन पुन्हा काढले. गच्चीच्या गॅरंटीचा विचार त्या चिखलात कोण करणार? आणि गच्ची तेव्हा ठणठणीत होती.

२०२२ च्या जुलैत वरच्या खोलीच्या कोपऱ्यात, कठड्याच्या बरोबर खाली, ओल दिसली. आठवड्यात ती पंख्याच्या हुकापर्यंत आली, गिलाव्याचे पोपडे पलंगावर पडायला लागले. ठेकेदाराला फोन केला. कुठे गळतंय, किती गळतंय, हे त्याने विचारलंच नाही. पहिलाच प्रश्न, "कागद आहे न्हवं?" पुरात गेला म्हटल्यावर आवाज एकदम मऊ झाला. "अरेरे. काय काळजी करू नका दादा, माणूस पाठवतो की."

माणूस आला. गच्चीवर चक्कर मारली, दोन फोटो काढले आणि डिश अँटेनाच्या स्टँडकडे बोट दाखवलं. "ह्ये कधी बसवलं? स्टँड बसवला की गॅरंटी रद्द, कागदात लिहिलंय तसं." तो स्टँड काम झालं त्याच वर्षी त्यांच्याच गवंड्याने सिमेंटच्या ठोकळ्यात उभा केला होता, कोब्याला एक भोक पाडलेलं नाही. पण कागदात काय लिहिलंय हे आता फक्त त्यालाच 'माहीत' होतं. मग म्हणाला, दरवर्षी तपासणी करून घ्यायची अट होती, ती तुम्ही पाळली नाही. असली अट आम्ही कधी वाचली नव्हती. सगळी मेख इथेच आहे. कागद तुमच्याकडे नाही हे एकदा कळलं, की त्यात काय लिहिलं होतं ते समोरचा ठरवायला लागतो. दर भेटीला त्या नसलेल्या कागदात एक नवं कलम उगवतं.

तुमच्याकडची ऑफिस कॉपी दाखवा म्हटलं, तर उत्तर तयार होतं. "आमचंबी ऑफिस पाण्यात गेलं." त्यांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. पुढे एका ओळखीच्या कर सल्लागारांनी सांगितलं, की जीएसटीत नोंदणी असलेल्या माणसाला हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावीच लागतात. म्हणजे २०१८ च्या कामाची नोंद २०२२ मध्ये 'नाही' म्हणायची सोयच नव्हती. कागद पाण्यात गेला तरी भरलेलं विवरणपत्र सरकारच्या सर्व्हरवर असतंच.

त्यानंतर सुरू झालं तारखांचं. पावसात काम होत नाही, गणपती होऊ देत. गणपती झाले, परतीचा पाऊस जाऊ दे. दिवाळीच्या तोंडावर ऊन पडलं, छत वाळलं, तेव्हा म्हणाले, आता गळत नाही तर दोष शोधायचा कुठे? शेवटी ठेकेदार स्वतः बोलला, आणि फार आपुलकीने बोलला. "तुम्ही जुनं गिऱ्हाईक. मी डुप्लिकेट हमीपत्र करून देतो. तपासणी आणि कागदाचे साडेसहा हजार, आणि गॅरंटी चालू करायला वरून केमिकलचे दोन कोट मारावे लागतील, त्याचे अठ्ठावीस हजार." घासाघीस करून एकूण ३२,००० ठरले. छत पडण्यापेक्षा बरं, असा घरात सगळ्यांचाच सूर होता.

काम दुपारी झालं, मी कुपवाडला ड्युटीवर असताना. दोन पोरं आली, गच्ची झाडली, धुतली नाही. पांढरा द्राव बादलीत पाणी घालून पातळ केला आणि रोलरने फिरवला. जाळी नाही, भेगा भरणं नाही, वाट्याला हातही लावला नाही. दुसऱ्या कोटाआधी पहिला वाळू द्यायचा असतो, इथे दोन्ही चहाच्या अंतराने झाले. जाताना सुपरवायझर खाली आईकडे गेला. "काकू, ह्ये डुप्लिकेट. दादांशी बोलणं झालंय. इथं सही करा, आणि ह्या दुसऱ्यावर बी." आईचं वय ७४, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ती म्हणाली, "थांबा, मुलगा येऊ दे." तर म्हणाला, "साहेबांनी आजच जमा करायला सांगितलंय, न्हायतर गॅरंटी लागू होणार न्हाई." आईने सही केली.

कागद वरून डुप्लिकेटच वाटतो. तोच शिक्का, मथळ्यात 'हमीपत्र', जुन्या कामाचं वर्ष, गच्चीचं माप. बारीक अक्षरात तिसऱ्या परिच्छेदात मात्र असं होतं: सदर हमीपत्र पूर्वीच्या सर्व लेखी व तोंडी हमींऐवजी देण्यात येत आहे, पूर्वीच्या कामाबाबत ग्राहकाची कोणतीही तक्रार शिल्लक नाही, आणि हमी फक्त पृष्ठभागावरील कोटिंगपुरती एक वर्षासाठी राहील. म्हणजे दहा वर्षांच्या गॅरंटीतली उरलेली साडेपाच वर्षं बत्तीस हजार घेऊन आमच्याच सहीने पुसून टाकली. दुसरा कागद 'काम समाधानकारक झाले' असा होता.

२०२३ च्या पहिल्याच मोठ्या पावसात कोपरा पुन्हा ठिबकायला लागला. या वेळी ठेकेदाराचा आवाज मऊ नव्हता. "पॅरापेटकडनं, कठड्याकडनं पाणी येतंय, ते कोटिंगमध्ये येत न्हाई. जुनी गॅरंटी तुम्हीच सोडलीय." आणि फोन बंद. काही दिवसांनी बघतो तर त्यांच्या गाडीवर फर्मचं नवंच नाव. मालक, नंबर, पोरं सगळी तीच.

कागदाशिवाय आपण काहीच करू शकत नाही असं वाटतं ना? ठेकेदाराला तेच हवं असतं. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या वकीलबाईंनी पहिल्यांदा सांगितलं ते हे, की कागद नष्ट झाला म्हणून करार नष्ट होत नाही. मूळ दस्त हरवला किंवा नष्ट झाला असेल तर दुय्यम पुरावा, म्हणजे त्याची नक्कल किंवा तो पाहिलेल्याची साक्ष वगैरे, देता येतो, हे जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्यातही होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. ग्राहक आयोगाचं काम तर बहुतेक प्रतिज्ञापत्रांवरच चालतं.

मग शोधाशोध. बँकेने २०१८ चं खातेउताऱ्याचं पान दिलं, त्यात दोन्ही चेक फर्मच्या नावाने वटलेले. पुराचा पंचनामा कामी आला. कपाटासह घरातलं सामान भिजून गेल्याची नोंद त्यात होती, म्हणजे मूळ कागद कसा गेला याचा सरकारी पुरावा आयताच मिळाला. पूरग्रस्तांनी पंचनाम्याची प्रत सांभाळून ठेवावी, ती नुकसानभरपाईपुरतीच कामाची असते असं नाही. मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत स्टॅम्पपेपर कोणी, कधी, कशासाठी घेतला ते लिहिलेलं असतं. आमच्या विक्रेत्याचं दुकान वरच्या बाजूला, पाणी न पोचलेल्या भागात होतं. ठेकेदाराचं नाव, तारीख आणि कारणाच्या रकान्यात 'हमीपत्र' असं निळ्या शाईत सापडलं. गल्लीतल्या एका काकांचं काम त्याच महिन्यात झालेलं, त्यांचा कागद माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत शाबूत होता. मजकूर शब्दशः तोच असणार हे उघड आहे, या लोकांचा एकच साचा असतो. त्या कागदात डिशच्या स्टँडबद्दल अवाक्षर नाही. वार्षिक तपासणीची अटही नाही.

पण सगळ्यात मोठा पुरावा ठेकेदारानेच दिला होता. बत्तीस हजारांच्या पावतीवर त्याच्या माणसाने लिहिलं होतं, 'सन २०१८ च्या दहा वर्षे हमीपत्राची डुप्लिकेट प्रत, तपासणी व कोटिंग.' वकीलबाई ती पावती दोनदा वाचून हसल्या. मूळ हमी होती, दहा वर्षांची होती आणि २०२२ मध्ये जिवंत होती, तिन्ही गोष्टी त्याच्याच अक्षरात. डुप्लिकेटचे पैसे घ्यायचे आणि हातात हमी रद्द करणारा कागद द्यायचा, याला ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा म्हणतात. पाळण्याचा इरादाच नसलेली दुरुस्तीची हमी देणंही त्यातच येतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वर आम्ही आधी तक्रार केली होती. माझं मत असं, की मोठ्या कंपनीशी भांडण असेल तर तिथे उपयोग होतो. फर्मचं नाव बदलून फिरणाऱ्या ठेकेदाराला त्याचं काही वाटत नाही. रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, ती 'पत्त्यावर नाही' म्हणून परत आली, तो लिफाफा न फोडता जपून ठेवला. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. कामासाठी आपण दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि 'गणपती होऊ देत, दिवाळी होऊ दे' ऐकण्यात गेलेला काळ त्यातून वजा होईल असं धरून चालू नका. मला वाटतं तारखा देत राहण्यामागे हाही हिशेब असतो.

गच्ची पुन्हा फोडण्याआधी एका सिव्हिल इंजिनिअरकडून पाहणी करून लेखी अहवाल घेतला. एकदा फोडलं की पुरावा मलब्यात जातो. कोपऱ्यात पाणी कोंडून बघितलं तेव्हा कारण सरळ दिसलं: वाटा कठड्यापासून सुटलाय, तिथे बोटभर भेग, आणि ढाळ पन्हाळीकडे असायचा तो उलटा कोपऱ्याकडे. २०१८ च्या कामातलाच दोष. पांढरा कोट भेगेवरून नुसता फिरवलेला, नखाने खरवडला तर सालीसारखा निघत होता.

आयोगात ठेकेदाराने लेखी उत्तर दिलंय. त्यात डिशचा स्टँड आहेच, शिवाय आता आम्ही गच्चीवर पापड वाळवतो म्हणून कोबा खराब झाला असंही लिहिलंय. निकाल यायचाय.

गच्ची दुसऱ्याकडून करून घेतली, घरचे पैसे घालून. या वेळी स्टॅम्पपेपर मागितलाच नाही. हमीचा मजकूर अटींसकट त्याच्या ईमेलवरून आमच्या ईमेलला मागवला, त्याखाली सही केलेल्या प्रतीचा फोटो, ढाळाचे आणि वाट्याचे काम चालू असतानाचे फोटो आणि पाणी भरून ठेवल्याचा व्हिडिओही. तो म्हणाला, "साहेब, एवढं कोण मागत नाही ओ." पण दिलं सगळं. आईला मात्र आता दारावर कुरिअरवाला सही मागायला आला तरी ती मला फोन लावते.