ग्रँड आइल की सांता मरीना?

आरंभीच्या स्त्रीवादी कादंबरीत समुद्रकाठच्या हवापालटाच्या जागेला एवढे वजन का आले, हे एकाच पुस्तकावरून समजून घ्यायचे असल्यास केट शोपॅन यांची ‘द अवेकनिंग’ (१८९९) घ्यावी की व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘द व्हॉयेज आउट’ (१९१५), हा निर्णय आमच्या वाचनमंडळासाठी मला करावा लागला होता.

दोन्हींत घरच्या शिस्तीपासून लांब आलेली स्त्री आहे आणि दोन्हींचा शेवट तिच्या मृत्यूपाशी होतो. शोपॅन यांच्या कादंबरीत, अमेरिकेतल्या लुइझियानाच्या ग्रँड आइल बेटावर, मात्र समुद्र प्रत्यक्ष काही घडवतो. न्यू ऑर्लिन्सचे नवरे शनिवार-रविवारपुरते येतात, सोमवारी कामावर परततात, आणि मधले दिवस बायकामुलांचे असतात. त्या मोकळिकीत नायिका एड्ना पोहायला शिकते. एका रात्री ती पहिल्यांदा एकटी पाण्यात दूरवर जाते आणि त्याच रात्री नवऱ्याने पुन्हा पुन्हा बोलावूनही झुल्यातून उठत नाही. पाण्यात मिळालेला धीर काही तासांतच संसारात वापरला जातो, हे मला फार मोलाचे वाटते. शोपॅन यांनी त्या बेटावर स्वतः उन्हाळे काढले होते. वुल्फ यांनी दक्षिण अमेरिका कधी पाहिली नव्हती आणि त्यांच्या कादंबरीतले तिथले सांता मरीना हे गाव संपूर्ण कल्पित आहे.

तरी माझा कौल शोपॅन यांच्याकडे पक्का झाला तो वुल्फ यांच्या हॉटेलातल्या गर्दीमुळे. सूझन, आर्थर, एव्हलिन, मिस ॲलन, मिसेस थॉर्नबरी, मिसेस पेली, एलियट दांपत्य: कोण कोणाचे, हे पाहण्यासाठी मला सारखी मागची पाने उलटावी लागली आणि तेवढ्यात नायिका रेचल हातची निसटत राहिली. इंग्लंडचे रीतिरिवाज समुद्र ओलांडूनही पाठ सोडत नाहीत, हे दाखवायला वुल्फ यांना ती माणसे हवीच होती, हे मान्य आहे. पण चर्चेला बसणाऱ्या नव्या वाचकांकडून एवढा धीर मागणे मला, निदान पहिल्या खेपेस, जड वाटते.

शोपॅन यांचे पुस्तक निर्दोष आहे असे नाही. एड्नाची मुले सांभाळणाऱ्या मिश्रवंशीय बाईला त्यात नावसुद्धा नाही, आणि एड्नाची मोकळीक कोणाच्या कष्टांवर उभी आहे, हा प्रश्न मंडळात आवर्जून काढावा. त्यानंतर सवड असेल तर वुल्फ यांचे अखेरचे प्रकरणही वाचावे: रेचल गेल्यावर वादळ येऊन ओसरते आणि हॉटेलातल्या गप्पा व बुद्धिबळ पुन्हा सुरू होतात, तेवढ्या पानांना शोपॅन यांच्याकडे तोड नाही.