रुगर मार्क थ्रीला मोठं मॅगझिन बटण बसवून घेतलं, फायदा किती झाला?

आमच्या क्लबात पोरांच्या सरावाला एक जुनी रुगर मार्क थ्री पिस्तूल आहे, पॉइंट बावीस बोअरची, साडेपाच इंची जाड बॅरलवाली (बॅरल म्हणजे नळी). ग्रुपिंग एकदम चोख देते, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागतात, पोरं खूश आहेत तिच्यावर, पण दोन गोष्टींनी सगळे वैतागलेले. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारा गोळ्यांचा डबा, सरळ बाहेर येत नाही आणि खोलून साफ करायची म्हटलं की अनुभवी माणसंही हात वर करतात. म्हणून मॅगझिन सोडायचं बटण आणि मॅगझिनचे तळ बदलून घेतले, आता बरेच महिने वापरून झालंय तर लिहितो.

आधी मॅगझिनचं. 1949 च्या पहिल्या रुगरपासून मार्क टूपर्यंत मॅगझिनचा खटका मुठीच्या तळाला असायचा, मार्क थ्रीला तो ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, मागं बटण म्हणून आला. पण कंपनीचं बटण बारीक आणि बसकं. आमची एक ज्युनिअर मुलगी सारखी म्हणायची, "काका, पकड सोडल्याशिवाय अंगठा पोचतच नाही की ओ." तिचं खरं होतं, लहान हाताला दरवेळी पिस्तूल मुठीत फिरवावं लागतं, आणि पाच राउंडांच्या सिरीजमध्ये एकदा बसलेली पकड मोडली की पुढची सिरीज बिघडलीच म्हणून समजा.

नवीन बटण थोडं उंच आणि रुंद आहे, वर खाचा आहेत, त्यामुळं घामेजल्या अंगठ्यालाही घसरत नाही. हा बदल पैसा वसूल, दुसरा शब्द नाही. फक्त एवढंच बघा की बटण फार उंच घेऊ नका, पेटीत ठेवताना किंवा मोठ्या टार्गेट ग्रिपमध्ये हात रुतवताना ते आपोआप दाबलं जातं आणि मॅगझिन अर्धवट सुटून राहतं. डावखुऱ्यांना याचा उपयोग जवळजवळ शून्य.

पण बटण दाबलं तरी मॅगझिन खाली पडत नाही, हे घेण्याआधी नीट लक्षात घ्या. मार्क थ्रीत मॅगझिन काढलं की फायर होऊ नये म्हणून आत एक सेफ्टी दिलीय, तिचा दाब मॅगझिनवर येतो आणि ते अडकून राहतं, खालून ओढूनच काढावं लागतं. त्यासाठी मॅगझिनला जाड प्लास्टिकचे तळ लावले, बोटाला धरायला जागा मिळाली, काम झालं. बरेच जण ती सेफ्टीच काढून टाकतात, मग मॅगझिन खट्‌कन पडतं हे खरं, पण माझा याला स्पष्ट नकार. जिथं नवखी पोरं शिकतात तिथं चार सेकंद वाचवायला सेफ्टी काढणं मला पटत नाही, कितीही सोय होऊ दे.

आणि हे काम कुठं करायचं? आपल्याकडं बेळगावात उद्यमबागेत लेथवर काय वाट्टेल ते करून देणारे कारागीर आहेत, हात सोन्याचे आहेत त्यांचे, पण पिस्तूल तिकडं नेऊ नका. आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम 5 प्रमाणं दुरुस्तीलाही लायसन लागतं आणि सुटे भागसुद्धा कायद्यानं शस्त्रातच मोडतात. लायसनवाल्याकडूनच करा, पावती घ्या, क्लबच्या रजिस्टरला नोंद करा.

आता सफाई. पॉइंट बावीसची गोळी मेण किंवा ग्रीस लावलेली शिसाची, त्यात दारूची काजळी, दोन्ही मिळून बोल्टच्या (मागंपुढं सरकणारा भाग) तोंडावर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (खोकं ओढून काढणारा आकडा) नखाखाली काळा चिकट थर धरतो, मग खोकी, म्हणजे उडालेल्या काडतुसांची रिकामी टोपणं, अडकायला लागतात आणि लोक मॅगझिनला दोष देतात. दरवेळी पिस्तूल पूर्ण खोलायची गरजच नाही. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली गोळी बसायची जागा) डोळ्यानं आणि बोटानं तपासा, बोल्ट मागं अडकवून नायलॉनचा ब्रश त्या नखाखाली फिरवा, बोअर स्नेक (नळी साफ करायची ब्रशवाली दोरी) चेंबरकडून घालून तोंडाकडून ओढा. रोजचं एवढं पुरे.

पूर्ण खोलायला मुठीच्या मागचा मेनस्प्रिंगचा भाग बाहेर काढायचा असतो, ते सोपं, जोडताना मात्र हॅमरचा (फायरिंग पिनवर आपटणारा घोडा) दांडा नेमका जागेवर लोंबला पाहिजे आणि मधेमधे रिकामं मॅगझिन आत-बाहेर करावं लागतं. बोल्टमधली फायरिंग पिन अडवणारी छोटी आडवी पिन परत बसवली का हे दोनदा बघा. ती राहिली आणि कुणी रिकामा ट्रिगर दाबला तर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते, कडेला खड्डा पडतो आणि मग खोकं निघता निघत नाही.

या खोलण्या-जोडण्याच्या कटकटीवर सुटे भाग बदलणं हा माझ्या मते पक्का इलाज नाही. इलाज म्हणजे 2016 ला आलेली मार्क फोर. मॅगझिन काढून, चेंबर रिकामं बघून, सेफ्टी लावून मागचं बटण दाबलं की वरचा भाग उचलून हातात येतो, बोल्ट मागून सरकतो, झालं. जुनी कुणाची घेत असाल तर एवढं विचारा, 1 जून 2017 च्या आधी बनलेल्या मार्क फोर कंपनीनं सेफ्टीच्या दोषासाठी परत बोलावल्या होत्या, ती दुरुस्ती झालीय का.

क्लबकडं मार्क थ्री असेल तर बटण आणि तळ बदला, एवढ्यावर थांबा. आणि खानापूर-जांबोटीकडचे असाल तर आपला पाऊस माहीतच आहे, निळ्या पॉलिशच्या बॅरलला दोन दिवसांत लाल ठिपके येतात. तेलाचा पातळ हात फिरवून सिलिका जेलसकट कपाटात ठेवा, फोमच्या पेटीत नको, फोम ओल धरतो.