मालवणी बेत सोलापुरात: सामान पेठेतून, ऑनलाइन की कोकणातल्या पाहुण्याकडून?

सोलापुरात काळं तिखट, शेंगा चटणी, कडक भाकरी मागाल तितकी मिळते. सोलकढीसाठी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आहे का विचारलं, की मात्र दुकानदार कोकम सरबताची बाटली पुढे करतो. बारा माणसांना कोंबडी-वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि सोलकढी घालायची असेल, तर कुठली वस्तू कुठून आणायची हे आधी ठरवा. सगळं एकाच ठिकाणाहून आणायला गेलात की फसलात.

मसाल्यासाठी पेठ सोडून कुठे जाऊच नका. मालवणी मसाल्याला लागणारी बेडगी आणि संकेश्वरी या दोन्ही मिरच्या मुळात कर्नाटकातल्या, कोकणातल्या नव्हेत. दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायपत्री सुटी मिळते, वास घेऊन निवडता येते. ऑनलाइन तयार पुडी सोयीची खरी; पण ती कधी भाजली, कधी दळली हे कळत नाही. फक्त मसाला संपला म्हणून घरातलं काळं तिखट घालू नका. रस्सा फक्कड होईल, पण तो सोलापुरीच.

वड्याचं पीठही इथलंच. चार वाट्या जाडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी हरभरा डाळ, दोन चमचे धने, एक चमचा मेथी. गिरणीवाल्याला 'जरा भरड ठेवा' असं दोनदा सांगायचं. आमच्या गिरणीत दिवसभर ज्वारी चालते, त्यामुळे आपल्या डब्यात पहिली ओंजळ ज्वारीचीच पडते. पडू द्या, वड्याला तिचं काही वावडं नाही.

खरा घोळ आंबटाचा. खऱ्या आगळात साखर नसते. मी पहिल्यांदा ऑनलाइन मागवलं तेव्हा चित्रातला गडद लाल रंग बघून बाटली घेतली. नारळाच्या दुधात ओतली, लसूण-मिरची ठेचून घातली, सुरेख गुलाबी रंग आला. चव घेतली तर आईस्क्रीमचं वितळलेलं पाणी! बाटलीच्या मागे बारीक अक्षरात पहिलाच शब्द होता 'साखर'. तेव्हापासून मी आधी मागची बाजू वाचते, मग किंमत बघते.

कोकणात कुणी ओळखीचं असेल तर घरचं आगळ त्यांच्याकडूनच मागवा. वासातच फरक कळतो. पण त्यांच्या सवडीने चालावं लागतं, आणि बाटलीच्या झाकणाला चिकटपट्टी लावून ती प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालायला सांगावं लागतं. संकोच करू नका. आगळाचा डाग कपड्यावरून जात नाही.

यातलं काहीच जमलं नाही, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली आमसुलं घ्या. एका नारळाला दहा-बारा, अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून चांगली कुस्करायची. रंग फिका येतो, पण आंबटपणा खरा असतो. रंगासाठी बीट घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. आणि आगळ असो वा आमसूल, सोलकढी गॅसवर ठेवायची नाही, फाटते. आगळ मुळात खारट, म्हणून मीठ चव बघून शेवटी.

मासळीचा मोह टाळा. उजनीची चिलापी चांगली असते, पण ती गोड्या पाण्यातली. समुद्राची मासळी इथवर बर्फातून येते, आणि बारा पानांवर तो जुगार खेळायची माझी तरी हिंमत नाही. बांगड्याचं तिखलं बेतातून काढलंत की त्याच्या मसाल्याला लागणारी तिरफळं शोधायची वणवणही वाचते.

राहिले काळे वाटाणे. आमच्याकडे निम्मे पाहुणे लिंगायत, पक्के शाकाहारी. त्यांच्यासाठी हे सांबार म्हणजेच मुख्य जेवण. मला पेठेत ते कधी सापडले नाहीत. कुणी काळे हरभरे दाखवतं, कुणी हिरवे वाटाणे. इथे मात्र ऑनलाइनच बरं: कोरडी वस्तू, ना सांडायची भीती, ना नासायची. कोकणातल्या पाहुण्याकडून आगळ येणारच असेल तर त्याच पिशवीत किलोभर टाकायला सांगा. बारा जणांना पाऊण किलो पुरतात, उरलेले पुढच्या वेळी. शिजल्यावर मूठभर वाटाणे वाटणातच वाटून घाला, रस दाट होतो. फक्त ते रात्रभर भिजावे लागतात, म्हणून पार्सल जेवणाच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, चार दिवस आधी घरात हवं.