‘स्टाइल्स’ पुरवणी : छायाचित्रात न दिसणारा जामीनदार

‘न्यूयॉर्क टाइम्स’ची रविवारची ‘स्टाइल्स’ ही पुरवणी मी अनेक वर्षे वाचत आलो आहे आणि तिची होणारी टवाळीही तितक्याच नेमाने वाचत आलो आहे. पंचवीस-तीस वर्षांचे, नामवंत विद्यापीठातून बाहेर पडलेले, मॅनहॅटन किंवा ब्रुकलिनमध्ये राहणारे कोणी वकील, डिझायनर किंवा वित्तसंस्थेतले विश्लेषक, त्यांना नव्यानेच लागलेला एखादा छंद, त्यांच्या बैठकीच्या खोलीचे मोठे रंगीत छायाचित्र आणि ‘हल्ली अनेक तरुण’ असेच करू लागले आहेत हे सांगणारे एक वाक्य, एवढ्या ऐवजावर तिथे अर्धे पान उभे राहते. त्यानंतर हसणाऱ्यांची रीघ लागते. हे परीक्षण त्या पुरवणीचे आहे आणि ओघाने त्या हसण्याचेही आहे, कारण हसणाऱ्यांचा नेम चुकतो असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तरुणाच्या मिशीला, चष्म्याला, सायकलीला हसले जाते. बातमीत जी एक ओळ यायला हवी होती आणि आली नाही, तिच्याबद्दल फार थोडे लोक बोलतात. ती ओळ पैशाची असते.

पुरवणीचा हा प्रकार कुठून आला हे आधी पाहायला हवे. १९६९ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे संपादक बेन ब्रॅडली यांनी वृत्तपत्रातली जुनी स्त्रियांची पाने बंद करून ‘स्टाइल’ नावाचा विभाग सुरू केला. ‘टाइम्स’ने १९७६ आणि १९७७ मध्ये ‘वीकेंड’, ‘लिव्हिंग’ आणि ‘होम’ अशा पुरवण्या एकामागून एक आणल्या. त्यामागे नवे वाचक आणि नव्या जाहिराती मिळवण्याचा उघड हेतू होता आणि तो साध्यही झाला. ज्या वाचकावर या जाहिरातदारांचा डोळा होता, त्या शहरी, तरुण आणि चांगली कमाई करणाऱ्या व्यावसायिकाला १९८० च्या दशकात ‘यप्पी’ हे नाव मिळाले. ‘न्यूजवीक’ने १९८४ च्या अखेरीस ते सरते वर्षच यप्पींचे म्हणून जाहीर केले. आज आपण ज्या पुरवणीबद्दल बोलत आहोत ती १९९२ साली रविवारच्या अंकात अवतरली आणि २००५ मध्ये तिला गुरुवारचे भावंड मिळाले. घड्याळे, दागिने आणि अत्तरे विकणाऱ्यांच्या जाहिरातींशेजारी ज्यांना ती परवडतात अशांच्या गोष्टी छापल्या जाणे हा त्यामुळे अपघात नाही. मला त्याचा रागही नाही. श्रीमंत तरुण कसे राहतात हा वार्तांकनाचा पूर्णपणे योग्य विषय आहे. प्रश्न ते वार्तांकन पुरे होते की नाही, एवढाच आहे.

पुरवणीचे पहिले वर्ष सरण्याआधीच तिच्या हातून जी चूक झाली, ती आजही तिचा स्वभाव समजून घ्यायला उपयोगी पडते. १५ नोव्हेंबर १९९२ च्या अंकात सिअॅटलमधल्या ग्रंज या रॉक संगीतप्रकाराच्या लाटेवर एक लेख आला आणि सोबत त्या तरुणांच्या बोलीतल्या शब्दांचा छोटा कोश छापला गेला. हे शब्द मेगन जॅस्पर या तरुणीने दूरध्वनीवर दिले होते. सब पॉप या ध्वनिमुद्रण कंपनीत त्यांनी पूर्वी स्वागतकक्षात काम केले होते. अशी कोणतीही बोली अस्तित्वात नव्हती. त्यांनी ‘लेमस्टेन’, ‘कॉब नॉब्लर’, ‘हार्श रेल्म’ असे शब्द त्या क्षणी सुचतील तसे रचले आणि पलीकडचा वार्ताहर आता तरी हसेल या अपेक्षेने ते अधिकाधिक विचित्र करत नेले. वार्ताहर लिहून घेत राहिला. पुढे ‘द बॅफलर’ या नियतकालिकाने हा प्रकार उघड केला. जॅस्पर यथावकाश सब पॉपच्या प्रमुख झाल्या. या प्रसंगाला लोक आजही हसतात, पण मला त्यात एक गंभीर गोष्ट दिसते. एकाच व्यक्तीने सांगितलेली माहिती त्या शहरातल्या दुसऱ्या कोणालाही न विचारता छापली गेली, आणि विचारण्याची गरज वाटली नाही, कारण विषय तरुणांच्या राहणीचा होता. अर्थसंकल्पाचा आकडा कोणी असा छापला नसता.

एकाच्या जागी तीन माणसे आली की वृत्तपत्राच्या कचेरीत त्याला ट्रेंड म्हणतात, ही तिथली जुनी म्हण आहे. ‘स्लेट’ या ऑनलाइन नियतकालिकातून माध्यमांवर लिहिणारे जॅक शेफर यांनी अशा पोकळ ट्रेंडच्या बातम्या वर्षानुवर्षे पकडल्या आणि ‘काही’, ‘अनेक’, ‘दिवसेंदिवस’ असे निसटते शब्द कसे आकड्यांची जागा घेतात हे वारंवार दाखवून दिले. मार्च २०१४ मध्ये पुरवणीने एका डोळ्यावर लावायची काच, म्हणजे मोनोकल, तरुणांमध्ये परत येत असल्याचे लिहिले, तेव्हा ‘टाइम्स’च्या स्वतःच्याच वाचक-प्रतिनिधी मार्गारेट सुलिव्हन यांनी ट्रेंडच्या बातम्यांची विश्वासार्हता जोखण्यासाठी ‘मोनोकल मीटर’ नावाचा मापक जाहीर केला. वृत्तपत्राने पगार देऊन नेमलेल्या व्यक्तीने त्याच वृत्तपत्राला असे तोंडावर सुनावणे मला फार मोलाचे वाटते. २०१७ मध्ये ते पदच रद्द झाले.

ट्रेंडची बातमी मुळात प्रामाणिक असूच शकत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. बिल कनिंगहॅम यांचे ‘ऑन द स्ट्रीट’ हे सदर याच वृत्तपत्रात, आणि पुढे याच पुरवणीत होते. १९७८ पासून २०१६ मध्ये निधन होईपर्यंत हे छायाचित्रकार सायकलवरून मॅनहॅटनभर फिरले. सत्तावन्नावा रस्ता आणि फिफ्थ अॅव्हेन्यू यांचा चौक ही त्यांची ठरलेली जागा होती. या हिवाळ्यात बायका अमुक रंगाचे कोट घालत आहेत असे त्यांना म्हणायचे असले, तर ते तशा कोटांची वीस-पंचवीस छायाचित्रे एकाच पानावर दाटीवाटीने मांडत. त्यात एखादी कोट्यधीश बाई असे आणि कामावर निघालेली अनोळखी मुलगीही असे, आणि पान दोघींना सारखीच जागा देई. मेजवान्यांची छायाचित्रे काढायला गेले की यजमानाकडून पाण्याचा पेलाही घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम प्रसिद्ध होता. ‘अनेक’ हा शब्द त्यांना लिहावा लागत नसे, कारण वाचक स्वतः मोजू शकत होता. या पुरवणीने जे सर्वोत्तम दिले ते हेच, आणि त्याची टवाळी झालेली मी कधी पाहिली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. न्यूयॉर्कमध्ये घर भाड्याने घेताना बहुतेक घरमालक एक ठरीव हिशोब लावतात : भाडेकरूचे वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीस पट असले पाहिजे. साडेतीन हजार डॉलर भाड्याच्या घरासाठी हा आकडा एक लाख चाळीस हजार डॉलर होतो. तेवढे उत्पन्न नसेल तर जामीनदार लागतो, आणि त्याच्याकडून साधारणपणे ऐंशी पट, म्हणजे दोन लाख ऐंशी हजार डॉलर उत्पन्नाची अपेक्षा असते. काही जण सोबती घेऊन उत्पन्नांची बेरीज दाखवतात, काही जण शुल्क भरून हमी देणाऱ्या कंपनीकडे जातात, पण चोवीस वर्षांच्या मुलामुलींच्या बाबतीत जामीनदार म्हणून सही करणारा हात बहुधा आईचा किंवा वडिलांचा असतो. घर विकत घ्यायचे तर कागद आणखी वाढतात. मॅनहॅटनमधली पुष्कळशी घरे सहकारी तत्त्वावरची आहेत. तिथे किमान वीस टक्के रक्कम आधी भरावी लागणे सर्रास आढळते, आणि इमारतीचे मंडळ खरेदीदाराची करविवरणपत्रे व बँकेचे उतारे तपासते. ही रक्कम आईवडिलांनी दिली असेल, तर ती परत करायची नाही असे त्यांनी लिहून दिलेले पत्र कर्ज देणारी संस्था मागून घेते.

म्हणजे त्या तरुणाच्या घरामागे कोणाचे पैसे आहेत हे घरमालकाला ठाऊक असते, इमारतीच्या मंडळाला ठाऊक असते आणि बँकेला लेखी ठाऊक असते. फक्त वाचकाला ते सांगितले जात नाही. कमी पगाराच्या नोकरीत किंवा नोकरी सोडून हाताने मेणबत्त्या करण्याच्या उद्योगात असलेली व्यक्ती उंच खिडक्यांच्या प्रशस्त घरात हसऱ्या चेहऱ्याने उभी असते, लेख तिच्या धाडसाचे आणि अभिरुचीचे कौतुक करतो, आणि जो माणूस या चौकटीत सर्वांत महत्त्वाचा आहे तो चौकटीबाहेर राहतो. वाचकाला ही पोकळी जाणवते. तिच्यावर नेमके बोट ठेवता येत नाही म्हणून तो मेणबत्त्यांना हसतो.

याच वृत्तपत्रातल्या विवाहांच्या बातम्यांमध्ये नेमका उलटा संकेत होता, हे मला विशेष वाटते. वधूवर कुठे शिकले, काय करतात आणि त्यांचे आईवडील काय करतात किंवा करत होते, हे तिथे दीर्घकाळ नेमाने छापले जात असे. त्या पानांना उच्चभ्रू म्हणून खूप नावे ठेवली गेली. तरीही वाचकाला माहिती किती मिळते एवढेच पाहिले तर ती राहणीविषयक लेखांपेक्षा अधिक उघड होती. वधूचे वडील गुंतवणूक संस्थेचे भागीदार आहेत हे एका वाक्यात कळत होते आणि पुढचे आपोआप समजत होते.

पैशाची ओळ छापली की काय घडते, याचे सर्वांत चांगले उदाहरण फेब्रुवारी २००९ चे आहे. सरकारी मदतीवर तगलेल्या बँकांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे वेतन पाच लाख डॉलरपर्यंत मर्यादित करण्याची घोषणा अध्यक्ष ओबामा यांनी केली, आणि त्याच आठवड्यात या शहरात पाच लाखांत भागवणे किती कठीण आहे हे सांगणारा लेख ‘टाइम्स’च्या याच पुरवणीत आला. त्या महिन्यात देशातली बेकारी आठ टक्क्यांच्या पुढे गेली होती. लेखावर तुटून पडणाऱ्यांची संख्या मोठी होती आणि त्यांचा संताप मला समजतो. तरीही तो लेख मी या पुरवणीतल्या चांगल्या लेखांत धरतो. त्यात खाजगी शाळेचे प्रत्येक मुलामागे बत्तीस हजार, गृहकर्जाचे शहाण्णव हजार, इमारतीच्या देखभालीचे आणखी शहाण्णव हजार आणि मूल सांभाळणाऱ्या बाईचे पंचेचाळीस हजार डॉलर, अशी वर्षाच्या खर्चाची यादी मांडली होती, आणि सगळा हिशोब करून असे राहायला सुमारे सोळा लाख डॉलर पगार लागतो असा निष्कर्ष होता. अमेरिकेतल्या मधल्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न त्या वर्षी पन्नास हजार डॉलरच्या आसपास होते. म्हणजे जेवढ्यावर एक अख्खे कुटुंब चालत होते, जवळजवळ तेवढेच या घरात मूल सांभाळणाऱ्या बाईला मिळत होते. ही तुलना लेखाने केली नसेल, पण आकडे समोर असल्यामुळे ती कोणताही वाचक करू शकत होता. इथे होणारा राग नेमक्या जागी होतो, कारण त्याला धरायला काहीतरी मिळते.

ज्यांची छायाचित्रे छापली जातात त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे, आणि ती मी लपवणार नाही. मित्राच्या मित्राने नाव सुचवले, दूरध्वनी आला, तासभर गप्पा झाल्या, आणि रविवारी आपण एका पिढीचे प्रतिनिधी झालो आहोत हे त्यांना कळते. मोनोकल लावणारा तरुण स्वतः असे म्हणालेला नसतो की सगळे जण मोनोकल लावू लागले आहेत. ते विधान लेखकाचे आणि त्याला मथळा देणाऱ्या संपादकाचे असते, पण शिव्या मात्र नाव छापलेल्याला बसतात. टवाळीतला हा भाग मला अन्याय्य वाटतो. ‘तुमचे घरभाडे किती आणि ते कोण भरते’ हा प्रश्न वार्ताहराने विचारला असता आणि त्याचे साधे उत्तर छापले असते, तर त्या तरुणाचेही संरक्षण झाले असते. आईवडिलांची मदत घेणे ही लाजेची गोष्ट नाही. ती झाकल्यावरच लाजेची दिसू लागते.

हा प्रश्न विचारणारे सदर या वृत्तपत्रात आहे, मात्र ते ‘स्टाइल्स’मध्ये नाही. स्थावर मालमत्तेच्या पानांवर ‘द हंट’ नावाने घर शोधणाऱ्यांच्या हकिगती येतात. जॉइस कोहेन यांनी ते दीर्घकाळ लिहिले. शोधणारा कोण, त्याचे काम काय, त्याची मर्यादा किती हजार डॉलरची, कोणती घरे पाहिली, प्रत्येकाचे भाडे किंवा किंमत किती आणि देखभालखर्च किती, हे सगळे तिथे आकड्यांसह येते. पालकांनी हातभार लावला असेल तर पुष्कळदा तेही नमूद असते. अलीकडे तीन घरे समोर ठेवून त्यांतले कोणते निवडले असेल हे वाचकालाच ओळखायला सांगतात. माणसे तीच, तितकीच तरुण आणि कित्येकदा तितकीच सुखवस्तू, पण वाचक त्यांना हसत बसण्याऐवजी त्यांच्यासोबत घरे पाहत फिरतो आणि अंधाऱ्या स्वयंपाकघराचे भाडे वाचून त्यांच्याबरोबर हळहळतो. वर्गणी एकच असल्यामुळे दोन्ही पुरवण्या हाती येतात. मी आता रविवारी आधी ‘द हंट’ वाचतो, त्या आठवड्यात कोणत्या वस्तीत केवढ्याला काय मिळते ते ध्यानात ठेवतो, आणि मग ‘स्टाइल्स’ उघडून छायाचित्रातल्या खोलीच्या खिडक्या मोजतो.