टर्मक्स की पोस्टमार्केटओएस: आपलं टूल कुठं द्यायचं?

राजारामपुरीत आम्ही चौघं-पाचजण रविवारी लॅपटॉप घेऊन बसतो. गेल्या महिन्यात प्रश्न निघाला: कमांड लाइनचं छोटं ओपन सोर्स टूल फोनवर आणायचं, तर पॅकेज (इन्स्टॉल करायला तयार गठ्ठा) कुणासाठी करायचं?

टर्मक्स म्हणजे अँड्रॉइडवरचं टर्मिनल. रूट (फोनचा पूर्ण ताबा) लागत नाही, साधा फोन पुरतो. कॉलेजच्या पोरांकडं बहुतेक तेवढंच असतं, म्हणून माझा कौल इकडंच. पण मेहनतही इथंच जास्त. अँड्रॉइडची सी लायब्ररी (प्रोग्रॅम ज्याच्या आधारानं चालतात तो पायाभूत कोड) बायोनिक, नेहमीच्या लिनक्सवरची ग्लिबसी नव्हे. आणि ॲपला लिहिता येईल असं टेम्प फोल्डर लिनक्ससारखं फाइल सिस्टिमच्या मुळाशी नसतं. आमचं टूल तात्पुरती फाइल तिथंच लिहायचं, त्यामुळं पहिल्याच कमांडला आडवं झालं. कोडमध्ये पक्का लिहिलेला तो पत्ता टर्मक्सच्या स्वतःच्या फोल्डरकडं वळवला, तीन ओळींचा पॅच (कोडमधली छोटी दुरुस्ती), तेव्हा कुठं चाललं. मग बिल्ड स्क्रिप्टमध्ये आवृत्ती, लायसन्स, चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे ना ते तपासायचा आकडा) लिहून टर्मक्सकडं पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घ्या अशी विनंती, पाठवायची.

पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प 2017 चा. तो फोनवर सरळ लिनक्सच बसवतो, पाया अल्पाइन या छोटेखानी लिनक्सचा. फोल्डर जागच्या जागी, त्यामुळं पॅच कमी. सी लायब्ररी मात्र मसल, इथंही ग्लिबसी नाही, म्हणून एखादी ठेच लागते. सर्वसाधारण टूल थेट अल्पाइनलाच द्यायचं, म्हणजे सर्व्हर-कंटेनरवाल्यांनाही मिळतं. हे मला मनापासून आवडतं. फक्त बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करावा लागतो आणि नीट चालणारे फोन मोजके.

नवशिक्यानं आधी टर्मक्स धरावं. आणि पॅच मूळ लेखकाकडंही पाठवा, नाहीतर दर नव्या आवृत्तीला तोच पुन्हा लावत बसावं लागतं.