बायनरी सर्च आकड्यांकडून शब्दांकडे नेणारा धडा: एक अभिप्राय

जावा ही प्रोग्रामिंग भाषा शिकवणाऱ्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमातील एका धड्याविषयीच हा अभिप्राय आहे. बायनरी सर्च म्हणजे क्रमवार यादीतला मधला घटक पाहून दर वेळी अर्धी यादी बाद करत शोधणे. पूर्णांकांच्या अ‍ॅरेसाठी (यादीसाठी) लिहिलेले रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारे, बायनरी सर्च स्ट्रिंगसाठी, म्हणजे मजकुरासाठी, कसे बदलावे, हा त्या धड्याचा विषय.

धड्याची सुरुवात उत्तम आहे. मेथडचा (शोध घेणाऱ्या कोडच्या तुकड्याचा) सांगाडा तसाच राहतो, खालची सीमा वरच्या सीमेपलीकडे गेली की उणे एक, म्हणजे 'सापडले नाही', परत करण्याची अटही तीच राहते आणि बदलते ती केवळ तुलना, हे शिक्षकांनी पहिल्या काही मिनिटांतच स्पष्ट केले आहे. स्ट्रिंगला 'पेक्षा लहान' हे चिन्ह चालत नसल्यामुळे कंपेअरटू ही दोन स्ट्रिंगची तुलना करणारी मेथड वापरावी लागते. ती मेथड उणे एक, शून्य किंवा एकच परत करते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ऋण, शून्य किंवा धन अशी कोणतीही संख्या येऊ शकते, हे त्यांनी चालवून दाखवले. तिचे उत्तर एकदाच चलात साठवून त्यावरून डावीकडे की उजवीकडे जायचे ते ठरवण्याची त्यांची पद्धत मला विशेष आवडली. स्टॅक (अर्धवट राहिलेल्या कॉलची नोंद ठेवणारी मेमरी) भरून जाईल, ही भीती मात्र त्यांनी उगाच घातली आहे. दहा लाख शब्दांतही शोध साधारण वीस पातळ्यांतच संपतो.

माझी खरी तक्रार समानतेच्या तपासणीविषयी आहे. धड्यातील नमुन्यात शब्द सापडला की नाही हे दुहेरी बरोबर चिन्हाने तपासले आहे आणि सगळे शब्द प्रोग्राममध्येच अवतरणांत लिहिलेले असल्याने ते बिनबोभाट चालते, कारण अशा सारख्या शब्दांसाठी जावा एकच ऑब्जेक्ट वापरते. मी तेच शब्द फाइलमधून वाचले, तेव्हा यादीत डोळ्यांसमोर दिसणाऱ्या शब्दालाही उत्तर आले उणे एक. ते चिन्ह मजकूर नव्हे, तर संदर्भ, म्हणजे दोन्हीकडे एकच ऑब्जेक्ट आहे का, हे ताडून पाहते, हे उमगेपर्यंत माझी एक संध्याकाळ गेली. कंपेअरटूचे उत्तर शून्य आहे का एवढे पाहिले असते, तर वेगळ्या तपासणीची गरजच नव्हती.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. यादी क्रमवार हवी, एवढे सांगून धडा पुढे सरकतो. पण क्रम कोणाचा? कंपेअरटू अक्षरांचे युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला ठराविक क्रमांक) पाहते, त्यामुळे मोठ्या लिपीतील झेड छोट्या लिपीतील ए च्या आधी येतो. मराठीत तर गंमतच होते. वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र तो व च्याही आधी आहे. मी शब्दकोशाच्या क्रमाने लावलेल्या यादीत 'कावळा' आधी आणि 'काळजी' नंतर होता. 'काळजी' शोधताना मधला शब्द 'कावळा' निघाला आणि मेथड बेधडक डाव्या अर्ध्या भागात शिरली, जिथे तो शब्द असणे शक्यच नव्हते. ज्या तुलनेने यादी लावली तीच तुलना शोधातही वापरावी, म्हणजे कंपॅरेटर (तुलनेचा नियम ठरवणारा ऑब्जेक्ट) हा मेथडचा आणखी एक पॅरामीटर करावा, हे सांगायला शिक्षकांना दोन मिनिटेही लागली नसती.

रिकर्शन समजून घेणाऱ्याने हा धडा जरूर पाहावा. त्यातील नमुना मात्र फाइलमधल्या शब्दांवर चालवून पाहिल्याशिवाय आपल्या कामात उतरवू नये.